त्राटिकेची उसनवारी

२२ फेब्रुवारी, रविवार

कार्यक्रमातून थेट येऊन लिहितेय, अक्षर वाकडं येणार. येऊ दे.

रविवारचा कार्यक्रम. दोन वर्षं झाली मला या कलासंग्रहालयात 'लोकांना आत आणायच्या' कामावर लागून, आणि दोन वर्षं मी रिकाम्या खुर्च्यांना नमस्कार करतेय. आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडला लोक आइसक्रीम खायला येतात, चित्रं बघायला नाही. म्हणून या वेळी उलटं केलं. निफाडच्या पुढच्या खडकोळे गावातल्या बचत गटाला निरोप धाडला: या, तिकीट नाही, चहा-पोहे आमचे, आणि भाषण कोणीही करणार नाही. द्राक्षतोडणीच्या दिवसांत कोण येतंय म्हणून मोजके कप मांडले होते. पिकअप भरभरून बायका आल्या. कप विसळून विसळून पुरवले. काय मजा आली!

पण ते नाही सांगायचं.

दुसऱ्या दालनात काचेच्या पेटीत एक लाकडी मुखवटा आहे. फणसाएवढा. सुळे, लाल जीभ, वटारलेले डोळे. पाटीवर लिहिलंय: 'मुखवटा. लाकूड व रंग. नाशिक परिसर. कलाकार अज्ञात.' मी रोज डबा खायला जाताना त्याच्यासमोरून जाते, कधी नीट बघितलंही नाही. आज त्याच्यासमोर एक आजी थांबली ती थांबलीच. पार्वताबाई, सत्तरीच्या पुढच्या. मागून बायका ढकलताहेत, ही हलेना. मग काचेवर तळवा ठेवला आणि म्हणाली,

"अगं बया, तू हितं येऊन बसली व्हय?"

मला वाटलं कोणी ओळखीचं भेटलं. ती मुखवट्याशी बोलत होती!

हळूहळू कळलं ते असं. खडकोळ्यात अक्षय्य तृतीयेला आखाडी असते. देवांची, राक्षसांची सोंगं संबळावर नाचतात, आणि एकेक सोंग हा एकेका घराचा मान. गणपती एका घराचा, रावण दुसऱ्या. त्राटिका पार्वताबाईंच्या घराची. गावात त्यांना 'त्राटिकेवाले' म्हणूनच ओळखतात. नवऱ्याचं एकदा गावकीशी वाजलं, आणि त्या रागात त्यानं मुखवटा फिरत्या व्यापाऱ्याला देऊन टाकला. ही माहेरी गेली होती. परत आली तर खुंटी रिकामी. तेव्हापासून त्राटिकेची पाळी आली की त्यांच्या घरचा माणूस तोंडाला काजळी फासून चार पावलं टाकतो. लोक हसतात.

मोघेबाई (संग्रहाच्या नोंदी, किल्ल्या आणि आम्हा सगळ्यांचा धाक यांच्या प्रमुख) मागे येऊन उभ्या. "असं उद्या कोणीही म्हणेल, अनघा."

पार्वताबाई वळल्या. "उघडून बघा मंग. कपाळाला टोचू नाय म्हणून आतून हिरव्या लुगड्याची पट्टी लावलेली हाय. माझ्या सासूचं लुगडं. डिंकानं लावली."

मोघेबाईंनी किल्ल्यांचा जुडगा चाचपला. मोघेबाईंनी!! उद्या सोमवार, बंद. मंगळवारी पेटी उघडणार. तोपर्यंत मी काय करू?


२४ फेब्रुवारी, मंगळवार

हिरवी आहे.

विटलेली, कडक झालेली, पण हिरवी. काठाचा धागासुद्धा दिसतो. मो.बाईंनी हातमोजे घालून मुखवटा उलटा केला, विजेरी मारली. मग नोंदवही काढली. इतक्या वर्षांत आतल्या कापडाची नोंदच कोणी केलेली नाही. आम्ही फक्त पुढून बघत बसलो.

मी नाचले. खरंच नाचले, दालनात, सुरक्षारक्षकासमोर. मो.बाई म्हणाल्या, "नोकरी आहे ही." पण त्यांचा चष्मा कपाळावर होता, आणि तो त्या फक्त आनंदात किंवा तापात वर करतात.


२५ फेब्रुवारी

पार्वताबाईंच्या मुलाला, रामनाथला फोन केला. पट्टी सापडली म्हटल्यावर त्यानं दोनदा खात्री करून घेतली. मग, "आईला देतो."

आजी थेट मुद्द्यावर. "माझा रामनाथ पन्नाशीचा झाला. लय झालं काजळी फासून. एकदा तरी खऱ्या तोंडानं नाचू द्या त्याला. येत्या आखाडीला."

मी म्हटलं, "आजी, विचारते."

"इचारू नको. मिळव."

संग्रहालयं एकमेकांना वस्तू उसन्या देतात. मुंबईहून आमच्याकडे चित्रं येतात, आमची पुण्याला जातात. मग गावाला का नाही? हा प्रश्न इतका सोपा आहे की मला दोन वर्षांत सुचला नाही याची लाज वाटतेय.


८ मार्च, रविवार

रंगपंचमी, सुट्टी. नवऱ्यानं, उदयनं, अंबडच्या कंपनीतल्या मित्रांसोबत रहाडीत, रंगाच्या जुन्या हौदात, उडी मारली आणि पिवळाजर्द होऊन घरी आला. मी दिवसभर अर्ज लिहीत बसले. वाचून दाखवला तर म्हणाला, "यात 'ऐतिहासिक' सात वेळा आलंय." पाच वेळा काढलं. पिवळे ठसे अर्जावर उमटलेत, परत लिहावा लागणार. मेला.


१४ मार्च, शनिवार

खडकोळ्याला जाऊन आले. एकटीच, एसटीनं.

बागा निम्म्या तोडून झाल्यात, खोकी भरायची घाई. रामनाथ बागेतूनच आला, हाताला चीक, मागं त्याची बायको सुनीता. ज्या खुंटीवर त्राटिका असायची ती अजून तशीच. तिच्यावर कोणी काही अडकवत नाही. आता तिच्याखाली टीव्ही आहे, तरी खुंटी मोकळी.

आखाडीबद्दल विचारत गेले, लिहीत गेले. त्राटिका सगळ्यांत शेवटी, पहाटे निघते. आयाबाया तान्ही मुलं तिच्या मांडीवर देतात, म्हणजे पोर मोठं झाल्यावर कशाला भीत नाही. काजळी फासलेल्या माणसाच्या मांडीवर कोणी पोर देत नाही, म्हणून गावात ते बंदच पडलंय. आजी म्हणाली, "म्हणून तर आताची पोरं पालीला भेत्यात."

निघताना रामनाथ म्हणाला, "मॅडम, एक हाय. रंगाशिवाय ती निघत नाय. दर आखाडीला नवा रंग द्यावा लागतो. घरच्या सुनेनं."

मी म्हटलं, "बघू आपण."

बघू म्हटलं. एसटीत बसल्यावर कळलं काय बोलून बसले. संग्रहालयातल्या वस्तूला नवा रंग! मो.बाईंना हे सांगितलं तर अर्ज तिथल्या तिथे फाडतील. नंतर सांगेन. आधी होकार तरी येऊ दे.


२० मार्च, शुक्रवार

काल पाडवा, आज अर्ज दिला. सर (आमचे संचालक, सज्जन, भित्रे) म्हणाले, "कल्पना छान. पण तिथं दमटपणा मोजणार कोण?"

मी म्हटलं, "सर, इतकी वर्षं ती चुलीवरच्या खुंटीवर होती."

मो.बाई म्हणाल्या, "म्हणूनच उजव्या कानाला तडा आहे." आणि मग, मी तोंड उघडायच्या आत, "मी स्वतः सोबत जाईन. पेटी माझ्या मांडीवर राहील. परत येईपर्यंत माझ्या नजरेसमोर."

सर बघत राहिले. मीही. जूनमध्ये या बाई निवृत्त होताहेत. आयुष्यात एक दिवस जादा रजा घेतली नाही, आणि आता खडकोळ्याला मुक्कामी जायचं म्हणताहेत! मी त्यांना मनातल्या मनात किती वेळा त्राटिका म्हटलं असेल. जीभ चावली.


२७ मार्च, शुक्रवार

मिळाला!!! विश्वस्त मंडळाचा होकार. संग्रहातली वस्तू पहिल्यांदा एका गावाला उसनी. १७ ते २४ एप्रिल.

करारनामा मी मराठीत उतरवला. कलम चार: 'वस्तूच्या रंगात, रूपात वा बांधणीत कोणताही बदल न करता ती परत करावी.' लिहिताना पेन अडखळलं. हे कलम नेहमीचंच आहे, प्रत्येक करारात असतं, काढलं असतं तर विचारलं असतं. नाही काढलं.

फोनवर रामनाथला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, रंगाचं मागं बोललो व्हतो."

"आहे माझ्या लक्षात."

"मंग करू सही?"

"करा."

माझ्या भरवशावर केली त्यानं. मो.बाईंनाही मी काही सांगितलेलं नाही. दोन्हीकडून मीच मधे उभी, आणि दोघांनाही वाटतंय मी त्यांच्या बाजूची. आनंदाच्या दिवशी हे लिहायला नको होतं, पण रोजनिशीत खोटं लिहून कोणाला फसवणार.


५ एप्रिल, रविवार

मुलांची कार्यशाळा. शेजारच्या सोसायट्यांमधली चाळीसेक पोरं, कागदाच्या लगद्याची त्राटिका. लगदा भिंतीला, पंख्याला, एका बाबांच्या बुटात. एका मुलीनं त्राटिकेला चष्मा घातला आणि सांगितलं, ही किल्लीवाली मॅडम. मो.बाईंनी तो मुखवटा मागून घेतला. कपाटावर ठेवलाय!

वीस पालकांनी विचारलं, आखाडीला आम्हीही येऊ का? या की, म्हटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा लोक मला विचारताहेत 'पुढचा कार्यक्रम कधी'. झोप येत नाही, भूकही नाही. उदय म्हणतो, लग्नाच्या वेळी एवढी खूश नव्हतीस.


१७ एप्रिल, शुक्रवार

निघालो. मागच्या सीटवर मो.बाई, मांडीवर पेटी, पेटीवर दोन्ही हात. खड्डा आला की चालकाला "हळू!" आणि पेटीला "झालं झालं". हे त्यांना स्वतःला ऐकू आलं नसावं.

वेशीवर संबळ. बायका आरत्या घेऊन. पेटी गाडीतून उतरली आणि पार्वताबाईंनी पेटीच्याच पुठ्ठ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला. मो.बाईंच्या नियमावलीत खाद्यपदार्थांबद्दल एक कलम आहे. त्यांनी चुरा तेवढा फुंकला.

रंगाचं आजही सांगितलं नाही. उद्या सकाळी पहिलं तेच.


१८ एप्रिल, शनिवार

सांगायला उशीर झाला.

सकाळी उठले तर ओसरीवर सुनीता रंगाचे डबे उघडून बसलेली. लाल, पिवळा, काळा. नवे कुंचले पाण्यात. मो.बाई चहाचा कप घेऊन आल्या आणि जागीच थांबल्या.

"हे काय?"

सुनीता सहज म्हणाली, "त्राटिकेला रंग. अनघाताईंना माहितीये."

बाई माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नाही, उलट उतरला. "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"मार्चपासून."

"आणि मी कलम चारवर सही केली."

माफ करा म्हटलं. रामनाथ ओशाळून उभा. मग तोच म्हणाला, "मॅडमची चूक नाय, आम्ही गरजू हाये म्हणून त्या बोलल्या नसतील. नाय रंगवत. न्या परत. मी फासतो काजळी." आत जाऊन काजळीची वाटी घेऊनही आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं, स्वतःवरच्या.

पार्वताबाई मात्र ढिम्म. मो.बाईंना म्हणाल्या, "बाई, तुमी तिला इतकी वरसं सांभाळली. कुणाचा रंग सांभाळला, ते ठाव हाय का?"

"पाटीवर अज्ञात आहे."

"तो तडा हाय ना कानाला, तितं बघा."

मो.बाईंनी पिशवीतून भिंग काढलं (पिशवीत भिंग असतंच). उन्हात बसल्या, कान जवळ घेतला. तड्याच्या कडेला रंगाचे पापुद्रे, एकाखाली एक. बाई मोजू लागल्या, मोठ्यानं. लाल, परत लाल, एक निळा, मग पिवळा. मोजता मोजता अडल्या.

आजी म्हणाली, "खालचे पिवळे माझ्या सासूचे. तिला पिवळा लय आवडायचा. निळा एकदाच, तवा लाल भेटलाच नव्हता. त्याच्या वरचे लाल माझे. पाच वरसं दिला मी. सगळ्यात वरचा, तुमच्या काचेतला, तो माझ्या हातचा हाय."

म्हणजे आम्ही ज्याच्यावर उजेड कमी ठेवतो, हात लावू देत नाही, ज्याचे फोटो पुस्तिकेवर छापतो, ते काम करणारी बाई समोर मांडी घालून बसलेली. अज्ञात कलाकार! चहा पीत होती!

मो.बाई भिंग खाली ठेवत म्हणाल्या, "तो वरचा थर झाकला जाईल मग. तुमचा."

"जाऊ द्या की. सासूचा नाय का मी झाकला? ती आतच हाय. मी बी आत ऱ्हाईन."

मग सौदा सुरू झाला. मो.बाई: आधी सगळ्या बाजूंनी फोटो. आणि कुठंतरी दोन बोटं जागा जुनी राहिली पाहिजे, अभ्यासाला. आजी: तोंडावर? नागडी दिसंल. बाई: गालावर? आजी: गावात हसं व्हईल. शेवटी डाव्या कानामागे, तागाचे केस येतात त्याच्या खाली. ठरलं. दोघींनी बोटं लावून जागा मापली.

सर? म्हटलं. सरांना विचारायला हवं. मो.बाईंनी फोन काढला, पाहिला, परत पिशवीत टाकला. "रेंज नाही," म्हणाल्या. माझ्या फोनला चार दांड्या होत्या.

सुनीता रंगवतेय, आजी सांगतेय, "पापणी जाड काढ, झोपाळू दिसती." मो.बाई प्रत्येक रंगाचं नाव, वेळ, हात कोणाचा हे सगळं टिपून घेताहेत. दुपारी छपाईवाल्याला निरोपही गेला: पाटी बदलायची, 'कलाकार: पार्वताबाई आणि त्यांच्या घरच्या सुना'.

माझ्याशी त्या अजून नीट बोलत नाहीयेत. बरोबरच आहे.


२० एप्रिल, सोमवार

पहाटेचं लिहून ठेवते, नाहीतर वाटेल स्वप्न पडलं होतं.

आमचे नाशिकचे पालक, पोरं मिळून तीन गाड्या. गाव सगळं जागं. सोंगं होत होत उजाडायला आलं, संबळाचा ठेका बदलला, आणि कोणीतरी ओरडलं, "आली रं आली, त्राटिका आली!"

आली ती अशी आली की पहिल्या रांगेतले गडी मागं सरकले. लालभडक तोंड, पिवळे सुळे, केस मोकळे, हातात तलवार. आणि हातात पांढरे सुती मोजे! मो.बाईंची अट: मुखवट्याला हात लावायचा तर मोजे घालून. रामनाथनं शब्द पाळला, नाचतानाही काढले नाहीत. मी हसून हसून खाली बसले. गावाला वाटलं ही नवी पद्धत असेल. रावणवाला विचारत होता, हे कुठं भेटतात.

पण पावलं! हा माणूस खोकी उचलतो, औषध फवारतो, चार शब्द बोलतो. तो असा नाचेल हे कोणाला ठाऊक? काजळीखाली इतकी वर्षं हे होतं?

मग तो पाटावर बसला. कोणी पुढं येईना. विसरलंच होतं गाव. पार्वताबाई उठल्या, शेजारच्या सुनेच्या हातातलं तीन महिन्यांचं पोर जवळजवळ ओढून घेतलं आणि त्राटिकेच्या मांडीवर ठेवलं. पोरानं डोळे वटारून वर पाहिलं. आणि जांभई दिली. काय हशा! मग रांगच लागली. आमच्या गंगापूर रोडच्या एका आईनंही आपलं दिलं, ते गावभर ऐकू जाईल असं रडलं. पार्वताबाई बसल्या त्या रडत होत्या, हसत होत्या, पदर एकच, दोन्हीला.

मो.बाई माझ्या शेजारी. चष्मा कपाळावर. "पुढच्या वेळी मला आधी सांगायचं," म्हणाल्या.

पुढच्या वेळी! म्हणाल्या ना तसं? म्हणाल्या.


२२ एप्रिल, बुधवार

पालकांनी काढलेला आखाडीचा व्हिडिओ जगभर फिरलाय. सरांपर्यंतही.

मला खोलीत बोलावलं. मो.बाई गावातच आहेत, मुखवट्याजवळ, त्या फोनवर. सरांनी स्क्रीन पुढे धरली. "हा आपला मुखवटा आहे? हा? कालपरवा हॉटेलच्या दारात उभा केल्यासारखा दिसतोय. विश्वस्त विचारताहेत, संग्रह रंगवायला कोणाच्या परवानगीनं दिला?"

"माझ्या," मी म्हटलं.

"माझ्या," फोनमधून मो.बाई.

सर म्हणाले, "दोघी एकदम बोलू नका."

शनिवारी अकराला विश्वस्तांची बैठक. दोन गोष्टी ठरणार. त्राटिका पुन्हा कधी बाहेर जाणार की नाही. एक विश्वस्त म्हणताहेत की रंग उतरवून घ्या आणि कायमची तळघरात ठेवा. आणि माझा करार, जो जूनमध्ये संपतोय. सर दुसऱ्याबद्दल हळू बोलले. मला पहिल्याचीच धडकी भरलीय. रंग उतरवला तर सुनीताचा जाईल, त्याच्याबरोबर आजीचाही निघेल.

दुपारी दालनात तिघं-चौघं विचारायला आले, ती नाचणारी कुठाय? रिकाम्या पेटीचे फोटो काढून गेले.


२४ एप्रिल, शुक्रवार

त्राटिका आणायला गेले.

गाडीत ठरवत होते, विश्वस्तांचं सगळं सांगायचं. या वेळी लपवायचं नाही. ओसरीवर बसल्या बसल्या सांगून टाकलं: कदाचित रंग उतरवतील, कदाचित पुढच्या आखाडीला देणार नाहीत, माझ्या हातात काही नाही.

रामनाथ ऐकत राहिला. मग म्हणाला, "आम्हाला वाटलंच व्हतं असं काही व्हईल." आतून एक कागद आणला. आमच्याच करारनाम्याची झेरॉक्स, वरचं नाव पांढऱ्या शाईनं खोडलेलं, आणि त्यावर निळ्या पेनानं:

'उसने देणार: त्राटिकेचं घर, मु. खडकोळे. मुदत: पुढल्या अक्षय्य तृतीयेच्या आधी आठ दिवस त्राटिका घरी परत. अटी: एक, रंग उतरवू नये. दोन, कोणी बाई तान्हं घेऊन आली तर पेटी उघडावी. तीन, पोचवायला येताना मोजे आणावेत.'

खाली गावकीच्या सह्या. रावणवाल्याची, गणपतीवाल्यांची, ज्यांच्याशी आजीच्या नवऱ्याचं वाजलं होतं त्यांच्या नातवाचीही. 'उसने घेणार' पुढे जागा कोरी.

मी म्हटलं, "रामनाथभाऊ, आमच्या वहीत ती विकत घेतल्याची नोंद आहे. मी यावर सही केली तर ती तुमची आहे असं मान्य केल्यासारखं होतं. संग्रहालयातर्फे सही करायचा मला अधिकारच नाही."

पार्वताबाईंच्या मांडीवर मुखवटा, मऊ कागदात गुंडाळलेला, फक्त नाक बाहेर. त्या म्हणाल्या, "आमी तुझ्या शब्दावर सही केली व्हती ना गं? आमाला तरी कुठं अधिकार व्हता, कोण काय करंल ते ठावं व्हतं का?"

"आजी, तेव्हा मी तुम्हाला नीट सांगितलं नव्हतं."

"आता सांगितलं ना. मंग कर आता."

मो.बाईंकडे पाहिलं. त्या द्राक्षाच्या रिकाम्या मांडवाकडे बघत होत्या. मदत नाही.

संग्रहालयाचं नाव घातलं नाही. 'उसने घेणार' पुढे माझं नाव लिहिलं, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट, आणि सही केली. पार्वताबाईंनी मुखवटा उचलून माझ्या हातात दिला. पेटीत नाही, हातात. मोजेही नव्हते माझ्या हातात.

मो.बाईंनी कागद ओढून घेतला, 'साक्षीदार' असा शब्द त्यावर नव्हता तो स्वतः लिहिला, आणि खाली सही. म्हणाल्या, "जूनपर्यंतच मी आहे. तोवर किल्ली माझ्याकडे."

आता घरी. त्राटिका संग्रहालयात तिच्या पेटीत, कागद माझ्या पर्समध्ये. उद्या अकराला तो टेबलावर ठेवायचा, सगळ्यांसमोर, काही न लपवता. काय बोलायचं ते तीन वेळा लिहिलं, तीनदा फाडलं. उदय विचारतोय, "आणि नोकरीच गेली तर? मग ती कशी नेणार खडकोळ्याला?"

माहीत नाही. पण सही संग्रहालयाची नाहीये, माझी आहे. पुढल्या अक्षय्य तृतीयेच्या आधी आठ दिवस.